हात उचलण्याआधी पोटात काय घडते?

फळ्यावर तारीख लिहिण्यासाठी आपण हात झटकन वर उचलतो. तो खांद्याच्या डेल्टॉइड स्नायूने उचलला, हे उत्तर शाळेतले मूलही देईल. पण हाताचे वजन असे अचानक पुढे गेल्यावर धडाचा तोल जायला हवा, तो जात नाही. मेंदूने ही अडचण आधीच ओळखलेली असते. डेल्टॉइडच्याही किंचित आधी पोटातला सर्वांत आतला स्नायू आवळला जातो. त्याचे नाव ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस. आपण त्याला आडवा स्नायू म्हणू, कारण त्याचे तंतू कमरेला बांधलेल्या शेल्यासारखे आडवे जातात.

कंबरदुखी असलेल्यांमध्ये हा शेला वेळेवर आवळतो का? प्रश्न साधा, पण मोजायचे कसे? या स्नायूवर आणखी दोन स्नायूंचे थर आहेत. त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडला तिन्ही थरांचे विद्युतस्पंद एकदमच मिळतात. वर्गाबाहेर उभे राहून गोंगाटातून एकाच मुलाचा आवाज ओळखण्यासारखे हे काम आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी यावर मार्ग काढला. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत त्यांनी अतिशय बारीक तारा थेट आडव्या स्नायूत घातल्या. कंबरदुखीचे १५ रुग्ण आणि कंबर न दुखणारे १५ जण यांना खूण दिसताच हात झटकन हलवायला सांगितले. १९९६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : निरोगी लोकांत आडवा स्नायू डेल्टॉइडच्या आधी जागा होई, रुग्णांत मात्र त्याला उशीर होई. येथे मोजली ती ताकद नव्हे, वेळ. हे लक्षात ठेवायला हवे. डेल्टॉइड सुरू झाल्यावर सुमारे ५० मिलिसेकंदांच्या आत जो स्नायू आवळतो, तो हालचालीला दिलेला प्रतिसाद मानत नाहीत. हात हलल्याची खबर जाऊन हुकूम परत यायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणजे हुकूम आधीच निघालेला असतो.

दवाखान्यात प्रत्येकाला अशा तारा टोचता येणार नाहीत. तेथे पालथे झोपवून पोटाखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात आणि दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरवर आणतात. पोट हळूच आत ओढले की दाब काहीसा उतरतो. युक्ती स्वस्त आहे, पण कंबर उचलूनही दाब उतरवता येतो. तपासणाऱ्याची नजर पक्की हवी.

दुसरी पद्धत सोनोग्राफीची. आवळलेला स्नायू जाड होतो, ती जाडी मोजायची. हीही फसवी आहे. सौम्य आवळण्यात जाडी चांगली वाढते. पूर्ण जोराच्या साधारण पाचव्या हिश्श्यापुढे फारशी वाढत नाही. शिवाय श्वासाबरोबर जाडी बदलते, म्हणून माप दर वेळी श्वासाच्या एकाच टप्प्यावर घ्यावे लागते.

आपणही करून पाहू. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून दोन बोटे आत बोटे टेकवा, श्वास सोडा आणि बेंबीखालचे पोट अलगद आत घ्या. बोटांखाली ताण जाणवेल. तो आडव्या स्नायूचाच, असे मात्र छातीठोक सांगता येत नाही. मधला थरही तेथेच आहे. बोटांची आणि त्वचेवरच्या इलेक्ट्रोडची अडचण एकच!

आता खरी गाठ. उशिरामुळे कंबर दुखते, की दुखण्यामुळे उशीर होतो? २००३ साली हॉजेस आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांच्या पाठीच्या स्नायूत तीव्र मिठाचे द्रावण टोचून तात्पुरती वेदना निर्माण केली. वेदना असताना त्यांचाही आडवा स्नायू उशिरा जागा झाला. म्हणजे उशीर हा निदान काही वेळा तरी दुखण्याचा परिणाम असतो. दरम्यान हा स्नायू 'शिकवण्याचे' व्यायाम जगभर पसरले होते. अनेक चाचण्या एकत्र पाहणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ते जुनाट कंबरदुखीवर इतर व्यायामांइतकेच उपयोगी दिसले, अधिक नाही. म्हणून कोणी सोनोग्राफी करून 'तुमचा आतला स्नायू कमजोर आहे, म्हणून कंबर दुखते' असे सांगितले, तर जाडी कोणत्या श्वासाला मोजली, हे आम्ही आधी विचारू.