पुरात धावलेल्या फुटबॉलच्या तालमी आणि आपल्या वस्त्यांची जबाबदारी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने कोल्हापूरला वेढा घातला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. चिखली-आंबेवाडीसारखी गावे पाण्यात गेली, शिरोळ तालुक्याचे बेट झाले, महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी सरकारी बोटींची वाट न पाहता जे तरुण छातीभर पाण्यात उतरले, त्यांत शहरातील तालमी आणि मंडळांची पोरे मोठ्या संख्येने होती. जुलै २०२१ च्या महापुरात हेच चित्र पुन्हा दिसले.

कोल्हापूरची तालीम म्हणजे काय, हे मराठवाड्यातील वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे आहेत आणि तीच फुटबॉल संघांचीही नावे आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर यांचे सामने लागले की अख्ख्या पेठा रिकाम्या होतात. समर्थकांची ईर्षा इतकी की प्रसंगी मारामारीपर्यंत जाते. याच मातीतून अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. परंतु पाणी चढले तेव्हा ईर्षा बाजूला राहिली आणि हेच तरुण माणसे बाहेर काढण्यात, जेवण पोहोचवण्यात, पाणी ओसरल्यावर घराघरांतील चिखल उपसण्यात लागले. तालमींना आश्रय देणारे शाहू महाराज आणि १९०२ साली मागासांना ५० टक्के आरक्षण देणारे शाहू महाराज एकच होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

हे कसे घडते? फुटबॉलच्या संघाकडे आपत्तीच्या वेळी लागणाऱ्या सर्व गोष्टी आधीच तयार असतात. बसायला जागा असते, वर्गणीची वही असते, एका हाकेला जमणारी पंचवीस-तीस तरणी पोरे असतात. कोणत्या गल्लीत कोण म्हातारी एकटी राहते, हे त्यांना ठाऊक असते. कर्णधाराचा शब्द ऐकायची सवय त्यांना मैदानावरच लागलेली असते. शासनाला जी यंत्रणा कागदावर उभी करावी लागते, ती खेळाने फुकट उभी केलेली असते.

जगातही हेच दिसते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर फेब्रुवारी २००५ मध्ये बार्सिलोनात जगातले नामवंत खेळाडू त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी खेळले. इंडोनेशियातील आचे प्रांतात मार्तुनिस नावाचा सात वर्षांचा मुलगा २१ दिवसांनी जिवंत सापडला, तेव्हा त्याच्या अंगात पोर्तुगालच्या संघाची जर्सी होती. पोर्तुगालच्या फुटबॉल महासंघाने त्याच्या घरासाठी मदत दिली आणि २०१५ साली तो लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या अकादमीत दाखल झाला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी तुर्कस्तान हादरले. त्याच महिन्यात इस्तंबूलच्या बेशिक्ताश संघाचा सामना ४ मिनिटे १७ सेकंदांवर थांबवला गेला आणि प्रेक्षकांनी भूकंपग्रस्त मुलांसाठी हजारो खेळणी मैदानात टाकली. ज्या मुलाला आपण कधी पाहिले नाही त्याच्यासाठी हात पुढे करणे, यालाच आपल्या संविधानाने बंधुता म्हटले आहे.

येथवर सर्व गोड आहे. पण आम्ही वकिली करतो, आणि चळवळीतही आहोत. म्हणून पुढचा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो. मदत निघाली, पण ती कोणाच्या दारात पोहोचली?

त्याच त्सुनामीत तामिळनाडूच्या नागपट्टिणम भागात दलितांना मदत छावण्यांतून दूर ठेवले गेले, पाण्याच्या टाक्यांवर शिवाशीव पाळली गेली. मानवी हक्क संघटनांनी हे तेव्हाच नोंदवून ठेवले आहे. समुद्राने जात विचारली नाही, छावणीने विचारली! आणि तामिळनाडूकडे बोट दाखवण्याआधी आपण किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादमध्ये हजारो माणसे गाडली. पुनर्वसित गावांत घरे देताना माप कोणते लावले? जमिनीचे! भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यावर ७५०. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्याला भूकंपानंतरही सर्वांत लहान घर मिळाले. भिंती नव्या आल्या, उतरंड मात्र जुनीच राहिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गोदाकाठच्या वस्त्यांना घरे सोडावी लागली. पिकाच्या नुकसानीची मदत हेक्टरच्या हिशेबाने ठरते. शेतकऱ्याला ती मिळालीच पाहिजे, त्याचे दुःख खरे आहे. परंतु त्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराचा बुडालेला हंगाम कोणत्या हेक्टरात मोजायचा? ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याची मजुरी पिकाच्या पंचनाम्यात येत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नसते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ नुसार मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरवण्याची तरतूद आहे. ३० जून २०२१ रोजी करोना मृतांच्या वारसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेत सानुग्रह साहाय्याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचा आदेश दिला. म्हणजे मदत ही कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही. मात्र कलम पुस्तकातून आपोआप उतरून बुद्धवाड्यात येत नाही. ते आणायला माणसे लागतात, आणि तीही संघटित.

म्हणूनच आम्हाला फुटबॉल महत्त्वाचा वाटतो. काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, खेळात वेळ घालवून चळवळीचे काय भले होणार? त्यांना आम्ही आदरपूर्वक नागपूर दाखवतो. तेथे विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील पोरे पाहिली आणि २००१ पासून त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यावरच नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आला. ज्यांना समाजाने गुंड म्हणून बाजूला टाकले होते, ती पोरे संघ म्हणून उभी राहिली. बाबासाहेबांनी समता सैनिक दल कशासाठी उभारले? शिस्तीची सवय संकट येण्याआधीच अंगी बाणवावी लागते म्हणून!

तेव्हा आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक वस्तीत फुटबॉलचा एक संघ उभा करा, मुलींचाही करा. चेंडू स्वस्त आहे. विहारात एक वही ठेवा. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, एकट्या राहणाऱ्या विधवा यांची घरे त्यात लिहा. रेशनकार्ड, आधार, जातीचे दाखले यांच्या प्रती उंच जागी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा संघातील दोघे वही घेऊन सोबत फिरतील आणि एकही घर सुटू देणार नाहीत. सुटले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हा आपत्ती प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, कलम ६१ चा उल्लेख करून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला कोर्टात किंमत नाही.

आणखी एक. पूर आला तर आपल्या संघाने केवळ आपली वस्ती पाहू नये. ज्या गावाने आपल्याला कुसाबाहेर ठेवले, त्या गावाची म्हातारीही खांद्यावर घेऊन बाहेर काढावी. तथागतांची करुणा जात पाहत नाही. पण गाव कोरडे झाल्यावर मदतीच्या रांगेत आपला माणूस शेवटी उभा केला गेला, तर त्याच संघाने तेथे ठामपणे उभे राहून हिशेब मागावा. करुणा आणि हक्क, दोन्ही एकाच खांद्यावर वाहता आले पाहिजेत.

पुढचा पावसाळा कोणासाठी थांबणार नाही. नागसेनवनाच्या आणि आमखास मैदानाच्या या शहरातील तरुणांनी तरी त्याआधी मैदानात उतरावे.

जयभीम!