वृद्धांमधील फुटलेल्या मेंदू-धमनीविस्फारावरील उपचार

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भित्ती एखाद्या ठिकाणी दुर्बल होऊन तेथे फुग्यासारखा फुगवटा निर्माण होतो. त्यास धमनीविस्फार किंवा ॲन्युरिझम असे म्हणतात. तो फुटल्यास मेंदूभोवतीच्या आवरणांमधील पोकळीत रक्तस्राव होऊन जिवाला धोका निर्माण होतो. रुग्ण वृद्ध असल्यास उपचारांची जोखीम वाढते. तथापि केवळ वय हे उपचार नाकारण्याचे कारण मानले जात नाही.

लक्षणे व निदान

अकस्मात उद्भवणारी अतितीव्र डोकेदुखी, उलटी, मान ताठरणे व शुद्ध हरपणे ही प्रमुख लक्षणे होत. वृद्धांमध्ये कधी कधी केवळ गोंधळलेपणा किंवा ग्लानी आढळते. वाढलेला रक्तदाब वा अशक्तपणा समजून त्याकडे दुर्लक्ष झाल्यास मोलाचा वेळ वाया जातो. सीटी स्कॅनने रक्तस्रावाचे आणि अँजिओग्राफीने फुगवट्याच्या जागेचे निदान होते.

उपचार

फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. तो टाळण्यासाठी दोन पद्धती प्रचलित आहेत. कवटी उघडून फुगवट्याच्या मुळाशी धातूची चिमटी बसवणे, म्हणजे क्लिपिंग, ही शस्त्रक्रिया अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली प्रथम केली. दुसऱ्या पद्धतीत जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. हिला कॉइलिंग म्हणतात. त्यानंतर मेंदूतील धमन्या आकुंचन पावून होणारी हानी कमी करण्यासाठी २१ दिवस निमोडिपिन हे औषध देतात. त्याने रक्तदाब उतरत असल्याने वृद्धांवर विशेष लक्ष ठेवावे लागते.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या, २,१४३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण कॉइलिंगनंतर २३.७ टक्के, तर क्लिपिंगनंतर ३०.६ टक्के आढळले. तिच्यातील ६५ वर्षांवरील २७८ रुग्णांच्या विश्लेषणात मात्र एकच पद्धत सर्वांना सरस ठरली नाही. अंतर्गत ग्रीवा धमनीवरील फुगवट्यांत कॉइलिंगचे, तर मध्य प्रमस्तिष्क धमनीवरील फुगवट्यांत क्लिपिंगचे परिणाम चांगले होते. म्हणून रुग्णाची शुद्ध, फुगवट्याची जागा, हृदय व मूत्रपिंडांची स्थिती आणि आजारापूर्वीचे स्वावलंबन पाहून पद्धत ठरवतात. रुग्ण सखोल बेशुद्धीत असल्यास शस्त्रक्रिया करावी किंवा केवळ वेदनाशमन करावे, याचा निर्णय कुटुंबीयांशी विचारविनिमय करून घेतला जातो.

महाराष्ट्रातील स्थिती

मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय मुख्यतः मोठ्या शहरांत असते. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून रुग्णाला अकोला, अमरावती किंवा नागपूर येथे न्यावे लागते. या प्रवासाचा काळ पुन्हा रक्तस्राव होण्याच्या सर्वाधिक धोक्याच्या काळातच मोडतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश असून, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण लागू झाले आहे.