ताम्हिणीची वेलांटी कोठे गेली?

मुळशी धरणाच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर ताम्हिणी हे गाव आहे. हे नाव एखाद्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये नीट उमटत नसेल, तर बिघाड कोठे आहे हे कसे ओळखाल?

प्रथम हे लक्षात घ्या, की संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड' या जागतिक संकेतात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे. त म्हणजे २३४०, काना २३६६, म २३५०, पाय मोडण्याची खूण २३८१, ह २३६१, ऱ्हस्व वेलांटी २३६७, ण २३३९ आणि दीर्घ वेलांटी २३६८. 'ताम्हिणी' म्हणजे हे आठ आकडे, याच क्रमाने. आपण 'म्हि'ची वेलांटी आधी काढतो, पण साठवताना ती ह नंतर येते!

आता लक्षणे पाहू. ती तीन प्रकारची असतात.

१) अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. आकडे बरोबर आहेत, पण त्यांची चित्रे असलेला अक्षरसंच (फॉन्ट) संगणकात नाही. तो बसवला की काम झाले. विंडोजमधील 'मंगल' हा असा अक्षरसंच सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखला.

२) म चा पाय मोडलेला दिसतो आणि वेलांटी ह च्या उजवीकडे जाऊन ण ची वाटू लागते. येथे चित्रे आहेत, पण ती जोडणारा कारागीर झोपला आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये असे हमखास घडे. 'कंट्रोल पॅनेल'मधील प्रदेश व भाषा यांच्या विभागात, गुंतागुंतीच्या लिप्यांसमोरील चौकोनात खूण करून संगणक पुन्हा सुरू करावा लागे. आजच्या संगणकांत ही सोय सहसा आधीच असते.

३) रोमन अक्षरे व विचित्र खुणा यांची खिचडी दिसते. 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मांडतात. म्हणजे आपल्या नावाचे चोवीस बाइट होतात. ब्राउझरने प्रत्येक बाइट वेगळे अक्षर मानले, की खिचडी झालीच. ब्राउझरला योग्य संकेतपद्धती सांगणे, हा त्यावरील उपाय.

या तिन्ही वेळी मूळ मजकूर शाबूत असतो. म्हणूनच सावध राहा. दुसऱ्या प्रकारात कोणी 'चूक' सुधारायला वेलांटी उचलून म च्या आधी ठेवली, तर त्या पडद्यावर नाव बरे दिसेल. पण आकड्यांचा क्रम बिघडेल. मग चांगल्या संगणकावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटेल आणि शोध घेतला तर ताम्हिणी सापडणारच नाही. सातबाऱ्यावर किंवा गुणपत्रिकेवर असे झाले तर? तेव्हा आधी मांडणी तपासा, मजकुराला हात नंतर.

एक प्रयोग करा. 'ताम्हिणी' टंकलिखित करून शेवटापासून एकेक कळ दाबत पुसत चला. बहुतेक ठिकाणी आठ वेळा कळ दाबावी लागेल. आता सांगा पाहू, तुमच्या नावात किती आकडे दडले आहेत?