भरती फिरली की चिन्ह फिरतं

दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलं की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे दिसतं. सोबतच्या दहावीतल्या पोराला विचारा, पलीकडचा काठ इथून किती लांब? तो म्हणेल, पाण्यावर टेप कशी धरू? समरूप त्रिकोण त्याला पाठ असतात. ते अशाच कामाचे आहेत हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं.

तर आधी आकृती काढू. पलीकडच्या काठावरचं एखादं झाड हेरा, तो बिंदू प. त्याच्या बरोबर समोर अलीकडे अ ही खूण करा. अप रेषेला काटकोन ठेवून काठाने ८० मीटर चाला, तिथे खुंटी ठोका : क. तसंच पुढे ४ मीटर, ड. आता खाडीकडे पाठ करून सरळ आत चालत राहा आणि मधूनमधून मागे बघा. खुंटी आणि झाड एका रेषेत आले की थांबा, तो इ. समजा ड ते इ हे अंतर ३० मीटर भरलं. अ आणि ड काटकोन, क पाशी विरुद्ध कोन समान. को-को कसोटीने त्रिकोण समरूप. ८० भागिले ४ म्हणजे २० पट, म्हणून खाडी ६०० मीटर. आकडे सोयीचे घेतलेत, रीत खरी आहे. पण ३० च्या जागी अर्धा मीटर चुकलात तर उत्तर १० मीटरने चुकेल, कारण चूकही २० पट होते. पुस्तक हे सांगत नाही.

बीजगणितातली होडी तर दाभोळचीच म्हणायची. पूर्वी मुंबईच्या बोटीने इथे उतरलेला चाकरमानी खाडीतून वर गोवळकोटाकडे जाई. समजा होडी प्रवाहाबरोबर १२ किलोमीटर १ तासात गेली आणि प्रवाहाविरुद्ध परत यायला दीड तास लागला. होडीचा वेग क्ष, प्रवाहाचा य माना. इथेच पोरं घाई करतात, काय मानलं ते लिहीतच नाहीत. क्ष + य = १२, क्ष − य = ८. बेरीज केली की २क्ष = २०; होडी ताशी १०, प्रवाह ताशी २ किलोमीटर.

खाडीवरचा माणूस मात्र हे गणित वाचून हसेल. तो भरतीबरोबर वर जातो, ओहोटी लागली की तिच्यासोबत खाली येतो. प्रवाह तेवढाच धरला तर दोन्ही समीकरणं क्ष + य हीच होतात आणि क्ष, य वेगळे काढता येत नाहीत. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. एवढं ठाऊक असलेल्याला उणे चिन्ह कुठून आलं हे समजावावं लागत नाही.

दाभोळ ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याला गणित परकं नाही. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांचा त्यांना आधार होता. मुरुडचे हे अण्णा १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. स्त्रीशिक्षणाच्या कामापुढे त्यांच्यातला गणिताचा मास्तर लोकांच्या लक्षात राहिला नाही, याची मला चुटपुट वाटते.

संभाव्यतेत भलेभले घसरतात. दोन नाणी फेकली, निदान एक छापा पडण्याची संभाव्यता किती? फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ साली दोन-तृतीयांश म्हटलं : पहिल्यातच छापा आला की खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच. पण त्या तीन सारख्या वजनाच्या नाहीत. नमुना अवकाश पुरता लिहा : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारांपैकी तीन. ही एक ओळ गाळल्यामुळे एवढा मोठा माणूस चुकला.

बोर्डाच्या पेपरात उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. मला तर ते उत्तराहून मोलाचे वाटतात. म्हणून शेवटी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (११५०) एक उदाहरण ठेवतो. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप २७ हातांवरून बिळाकडे निघालेला. मोराने तिरकी झेप घेऊन त्याला वाटेत गाठलं. दोघांनी सारखंच अंतर कापलं. बिळापासून किती हातांवर?

उत्तर १२ हात. पायऱ्या तुम्ही लिहा.