विजेची मोटार आणि चार्जिंग केंद्राचा खर्च

विजेवर चालणारी मोटार घरी रात्रभरात सावकाश चार्ज करता येते; लांबच्या प्रवासात मात्र वाटेवर जलद चार्जिंग केंद्र लागते. हे केंद्र उभारावयाचे कोणी आणि त्याचा खर्च भागवावयाचा कसा, हा या धोरणातील अवघड प्रश्न होय.

महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या धोरणात जलद चार्जिंग यंत्राच्या किमतीच्या ५० टक्के, कमाल ५ लाख रुपयांपर्यंत, साहाय्याची तरतूद होती. २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्र असावे, असे उद्दिष्ट आहे. केंद्र शासनाच्या २०२४ मधील पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी चार्जिंग केंद्रांसाठी आहेत.

तथापि यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते. रोहित्र व केबल यांचाही खर्च तसाच. खरी अडचण आहे ती वीजबिलातील स्थिर आकाराची. मंजूर भारानुसार तो दरमहा द्यावा लागतो, मग वापर होवो वा न होवो. समजा, केंद्रात ६० किलोवॅटचे एक यंत्र आहे आणि स्थिर आकार महिन्यास ६,००० रुपये आहे. यंत्र पूर्ण भाराने रोज एकच तास चालले तर महिन्यास १,८०० युनिटे खपतात आणि प्रत्येक युनिटावर ३ रुपये ३३ पैशांचा बोजा पडतो. तेच आठ तास चालले तर बोजा अवघा ४२ पैसे! आडमार्गावर केंद्र काढण्यास कोणी धजावत नाही ते याचमुळे.

म्हणून केंद्र शासनाने अशा केंद्रांसाठी एकभागी वीजदराचा, म्हणजे जेवढी वीज वापरली तेवढ्याच आकाराचा, मार्ग सुचविला. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट, तर अन्य वेळी १.३ पट दर सुचविला आहे. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवितो. अर्थात स्थिर खर्च यामुळे नाहीसा होत नाही. तो वितरण कंपनीकडे आणि पर्यायाने अन्य ग्राहकांकडे सरकतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

जागेबाबत २०२२ च्या सूचनांत सार्वजनिक जमिनीसाठी ठरावीक भाड्याऐवजी प्रतियुनिट १ रुपया महसूल-वाटा सुचविला होता. त्या हिशेबाने वरील उदाहरणात जागेच्या मालकास महिन्यास १,८०० रुपये मिळतील. यंत्र आठ तास चालल्यास १४,४००. ग्रामसभेपुढे जागेचा ठराव मांडण्यापूर्वी गावच्या रस्त्याने विजेवरील किती गाड्या जातात आणि त्यांतील किती थांबतात, याची मोजणी करून ठेवलेली बरी.