अडुसष्ट बाय पंचाहत्तर

पद्मिनी मोटारीच्या इंजिनाची कुंडली दोन आकड्यांत मावते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. असे चार सिलिंडर एका ओळीत, सगळे मिळून १०८९ सीसी. फियाटच्या १९३७ सालच्या ५०८ सी या छोट्या मोटारीत हेच माप होतं. १९५३ मध्ये ते नव्या अंगाच्या फियाट ११०० मध्ये आलं. वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते इंजिन कुर्ल्याला आणलं, आणि डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावं बदलत शतक संपेपर्यंत ते तिथेच ओतलं, कातलं आणि जोडलं गेलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा या मापाला ८६ वर्षं झाली होती.

आता उरल्या त्या घरच्या पद्मिन्या. कुणाच्या आजोबांनी वर्षानुवर्षं नंबर लावून घेतलेली, कुणी भंगारात जाता जाता सोडवून आणलेली. शनिवार-रविवारी त्यांची इंजिनं खोलून बसणारी हौशी मंडळी पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात सापडतात. कुणी बँकेत असतं, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी निवृत्त मास्तर. घरातल्यांच्या लेखी हा उद्योग म्हणजे बसल्या जागी लष्कराच्या भाकरी भाजणं. पण नवशिक्याने हात घालावा असं हे इंजिन आहे खरं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या कुशीत. तिथून पुशरॉड वर जातात आणि रॉकर हलवून वॉल्व्ह उघडतात. एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर, यांत्रिक पेट्रोल पंप. सेन्सर, संगणक काही नाही. शिवाय नटबोल्ट मिलिमीटरचे. ॲम्बेसेडर किंवा जुनी जीप खोलणाऱ्याला इंची पाने शोधत फिरावं लागतं. फियाटवाल्याचं दहा, तेरा आणि सतराच्या पान्यांवर निम्मं काम होतं.

इंजिन खोलायचं की नाही, हे आधी धूर सांगतो. पांढरा धूर सतत येत असेल तर पाणी आत जातंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त होतंय, निळा असेल तर तेल जळतंय. निळ्यातही दोन जाती आहेत. बोरघाट उतरताना बराच वेळ पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, आणि खोपोलीत आल्यावर तो पुन्हा दाबताच मागे निळा भपकारा सुटतो. तिथे संशय वॉल्व्हच्या गाइडवर जातो, कारण बंद थ्रॉटलमागच्या निर्वाताने तेल वरून ओढलेलं असतं. उलट घाट चढताना, भार असताना निळं होत असेल तर रिंगा आणि बोअर गेले. खात्रीसाठी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. तेलाने आकडा वर चढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजली. नाही चढला तर वॉल्व्हचा, नाहीतर हेड गॅस्केटचा. गॅरेजच्या भाषेत यावरूनच ‘हाफ इंजिन’ की ‘फुल इंजिन’, म्हणजे काम अर्धं की पूर्ण, हे ठरतं, आणि खर्चही.

पहिली अडचण यांत्रिक नसतेच. बंगलेवाल्याचं ठीक आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उचलायचा चेनब्लॉक टांगायला तुळई कुठून आणायची? चेनब्लॉक टांगायची घोडी भाड्याने आणली तर रखवालदार विचारतो, रखवालदार गप्प बसला तर तळमजल्यावरच्या काकू विचारतात. तेलाचा डाग फरशीवर पडला की विषय वार्षिक सभेत जातो. म्हणून अनेक जण इंजिन फक्त उतरवतात गॅरेजात आणि टेम्पोत घालून घरी आणतात. गॅलरीत, जुन्या टेबलाच्या सांगाड्यावर, पुढचं सगळं होतं.

खोलणं सोपं असतं, आणि तिथेच फसगत होते. हेडचे नट एका टोकाकडून सरळ सोडत गेलं तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. ते थोडे थोडे, ठरलेल्या क्रमाने ढिले करायचे. हेड हलत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटणारे त्याचा चेहरा कायमचा बिघडवतात. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर आकडे कोरलेले असतात. ज्या रॉडची टोपी त्यालाच, त्याच बाजूने बसली पाहिजे, कारण दोघांचं भोक कारखान्यात एकत्र कातलेलं असतं. पुशरॉडसुद्धा ज्या जागेवरून निघाले तिथेच परत जातात. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात ते ओळीने खोचून ठेवायची जुनी पद्धत अजून चालते. फराळाचे रिकामे डबे याच कामाला येतात. प्रत्येकावर मार्करने नाव लिहायचं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे.

ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा उघडल्या की गाडीचा सगळा इतिहास बाहेर येतो. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं असेल तर आत क्षाराचा थर आणि गंजाचा चिखल साचलेला असतो. घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्यात, त्यांनी या इंजिनाला गरम डोक्याचं ठरवून टाकलं. त्या बदनामीत या चिखलाचा वाटा मोठा होता असं म्हणायला हरकत नाही. इंजिन तापलं की हेड वाकतं, हेड वाकलं की गॅस्केट फुंकतं, गॅस्केट बदलताना मिस्त्री हेडला फेस मारून आणतो, म्हणजे यंत्रावर त्याचा तळ तासून सपाट करतो. असं तीन-चारदा झालेलं हेड पातळ होत जातं, आणि एक वेळ येते की तासायला काही उरत नाही. जुनं हेड विकत घेताना म्हणूनच जाणकार आधी त्याची जाडी बघतो.

यापुढचं काम पान्यांचं नाही, मापांचं आहे. हौशी माणूस आणि गल्लीतला मिस्त्री यांच्यात खरा फरक इथे दिसतो. मिस्त्री बोअरमध्ये बोट फिरवतो, वरच्या कडेला नख अडकलं की म्हणतो, ‘बोअर करावा लागेल,’ आणि त्याचं सहसा चुकत नाही. हौशी माणूस बोअर गेज आणि मायक्रोमीटर घेऊन तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजतो आणि वहीत तक्ता मांडतो. निष्कर्ष एकच निघाला तरी त्या तक्त्याचं समाधान वेगळं. सिलिंडर वर जास्त झिजतो, कारण रिंगांवरचा दाब आणि उष्णता तिथे सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी. तीन मेन बेअरिंगवर फिरणारा क्रँकही गोल राहत नाही, अंडाकृती होतो.

आणि इथे घर संपतं. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचा फेस ही कामं कुठल्याही गॅलरीत होत नाहीत. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे जातो. जाण्याआधी नवे पिस्टन हातात असावे लागतात, कारण बोअर कापायचा तो पिस्टन मोजून, वर शतांश मिलिमीटरांत मोजावी इतकी फट ठेवून. आधी बोअर आणि मग पिस्टनचा शोध हा उलटा क्रम महागात पडतो. हव्या त्या ओव्हरसाइझचा, म्हणजे मूळ मापाहून मोठा, पिस्टन बाजारात नसेल तर कापलेला ब्लॉक घेऊन बसावं लागतं. क्रँक दहा, वीस, तीस असा घासला जातो. हे हजारांश इंच. गाडी मिलिमीटरची असली तरी बेअरिंगची ही बोली इंचाचीच राहिली आहे. बोअर शेवटच्या मापापर्यंत गेला असेल तर ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ ६८ वर आणायचा. शेवटी होनिंग. सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते, त्या रेघांत तेल टिकतं आणि नव्या रिंगा तिथे घासून बसतात. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला छान, पण त्यात रिंगा बसत नाहीत.

परत आलेला ब्लॉक धुण्यात अख्खा दिवस जातो. डिझेलने नव्हे, गरम पाणी आणि कपड्यांच्या साबणाने, कारण होनिंगची बारीक पूड तेलात सुटत नाही, साबणाच्या फेसात सुटते. तेलाच्या नळ्यांतून ब्रश घालायचे, हवा मारायची, पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवायचं, फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग लगेच तेलाचा हात, नाहीतर पावसाळ्यात तासाभरात गंज चढायला लागतो.

घरी मनसोक्त करता येईल असं काम म्हणजे वॉल्व्ह. लाकडी काठीच्या टोकाला रबराची वाटी असते, ती वॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची, सीटवर ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका लावायचा आणि दोन तळव्यांत काठी घुसळायची. सुरुवातीला खर्र-खर्र आवाज येतो, पेस्ट झिजत गेली की मऊ होतो. वॉल्व्ह उचलून थोडा फिरवून पुन्हा. शेवटी सीटवर आणि वॉल्व्हवर सलग, करड्या रंगाचा कडा दिसला पाहिजे, कुठेही न तुटलेला. परीक्षा रॉकेलची: स्प्रिंगा चढवून झाल्या की हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि दुसऱ्या बाजूला वॉल्व्हच्या कडेवर नजर ठेवायची. पाच मिनिटांत तिथे ओल आली नाही तर पास. रेशनवरचं रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून पेट्रोलवर भागवतात. ते अधिक पातळ, म्हणून परीक्षाही अधिक कडक. मात्र गॅलरीत पेट्रोल उघडं ठेवताना देवघरातला दिवा कुठे आहे ते पाहून घ्यावं.

रिंगांचंही तसंच. रिंग थेट पिस्टनवर चढवायची नाही. आधी ती एकटी बोअरमध्ये घालायची, उलट्या पिस्टनने खाली ढकलून समतल करायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. या बोअरला ती साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते, म्हणून कानशीने जपून घासायची. चार पिस्टनच्या सगळ्या रिंगा अशा तपासायला संध्याकाळ पुरत नाही. धंद्यावरच्या मिस्त्रीला हे परवडत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं गिऱ्हाईक गाडी उद्याच मागतं.

इंजिन बांधताना टॉर्क पाना लागतो. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे. टायमिंग चेनच्या खुणा जुळवायच्या. डिस्ट्रिब्युटर बसवताना पिस्टन नुसता वर आला म्हणून चालत नाही, तो कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वर आलेला हवा. नाहीतर एक-तीन-चार-दोन हा क्रम बरोबर लावूनही कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात.

चालू करण्याआधी प्लग न लावता इंजिन स्टार्टरवर फिरवतात, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग, पेट्रोल, आणि एकदा सुरू झालं की नुसत्या आयडलिंगवर ठेवायचं नाही. पहिले काही शे किलोमीटर वेग बदलता ठेवायचा, गियर खेचायचा नाही, पहिलं ऑइल लवकर बदलायचं, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा तपासायचे आणि टॅपेटची फट परत जुळवायची.

हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं तो टॅक्सीचा धंदा होता, हे हौशी मंडळी सहसा बोलून दाखवत नाहीत. दोन पाळ्यांत धावणारी टॅक्सी सारखी इंजिनकाम काढायची. त्या कामावर बोअरिंगवाले, क्रँकवाले, गॅस्केट कापणारे, स्लीव्ह ओतणारे जगले, आणि मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातल्या किंवा पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत फियाटचा माल कायम मिळायला लागला. राज्य सरकारने २०१३ मध्ये टॅक्सीचं वय २० वर्षांवर आणलं आणि त्या साखळीचा मुख्य ग्राहकच गेला. आजचा बोअरिंगवाला ट्रॅक्टर, जनरेटर, पाण्याच्या पंपांच्या इंजिनांवर पोट भरतो. एखादी पद्मिनी आली तर कौतुकाने, पण सवडीने करतो. पिस्टनचे मूळ पॅकिंगमधले संच जपून विकले जातात. भंगारातलं टॅक्सीचं इंजिन सुट्या भागांसाठी घेणारेही आहेत, पण ते बराच काळ सीएनजीवर धावलेलं असलं तर वॉल्व्हच्या सीट आधी पाहाव्यात. कोरड्या गॅसने त्या लवकर झिजतात. त्यात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. पंपाचा जुना डायफ्रॅम आणि रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत, त्या नव्या रबराच्या घालाव्या लागतात.

भंगारातला अख्खा ब्लॉक आणून बसवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं, तरी जाणते तो मोह टाळतात. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसी बुकात. ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद बदलून घ्यायचे हेलपाटे आले. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळू लागला, पण गाडी मूळ रूपात असली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसला तरच. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या १९७४ च्या. त्यांची पन्नाशी नुकतीच उलटली. डिझेल स्वस्त होतं त्या काळात मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलेल्या गाड्यांची या रांगेत पंचाईत आहे, आणि त्यांचे मालक आता १०८९ सीसीचं इंजिन शोधत भंगाराच्या बाजारात फिरतात. ज्यांच्याकडे कागदावरच्या नंबराचा ब्लॉक अजून आहे, ते बोअर शेवटच्या मापाला गेला तरी चारही सिलिंडरना स्लीव्ह घालून घेतात.