माती राखणाऱ्यांचा मेळावा

मातीचा बोटभर थर घडण्यास शेकडो वर्षे लागतात; उघड्या शेतातून तो वाहून जाण्यास मात्र थोडे पावसाळे पुरे होतात. ही हानी कशी टाळावी, या विचारासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये नाना देशांतील शेतकरी व अभ्यासक प्रथम हैदराबादेस आणि मग जहीराबादेजवळील बिडकन्ने गावच्या शेतावर जमले होते.

त्यांच्या शेतीपद्धतीस ‘पर्माकल्चर’, म्हणजे चिरस्थायी शेती, असे नाव आहे. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ती ग्रंथरूपाने मांडली. तिचे मर्म सोपे आहे. रानात कोणी नांगरीत नाही, खत घालीत नाही; तरी ते हिरवे राहते, कारण गळालेला पाला तेथेच कुजून मातीस मिळतो. म्हणून या शेतात उताराला आडवे चर खणून पाणी जिरवितात, पालापाचोळा पसरून ओल राखतात आणि झाडे, झुडपे व वेली एकत्र लावितात. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते.

ज्वारीत तुरीच्या ओळी पेरणारे आपले आजोबा याहून निराळे काय करीत होते? तेव्हा विद्यार्थी मित्रहो, अंगणातील पाला पेटविण्यापूर्वी क्षणभर थांबा. तो केर नव्हे. ती उद्याची माती आहे.